चार हजार तीनशे सतरा

सतरा जुलै, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. टिजोने व्हरांड्यातल्या वीजमीटरचा फोटो काढला आणि शारजाला बहिणीला, लिजीला, पाठवला. आकडा होता ४३१७.

बाहेर पाऊस कोसळत होता. मल्याळी कर्कटक महिना लागला होता. केरळातल्या पाला भागात या दिवसांत सूर्य नावापुरताच असतो, म्हणून तर लिजीने हाच आठवडा निवडला होता.

तिचं म्हणणं साधं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या पेन्शनीत सहा खोल्यांचं घर चालत नाही. घर विकावं आणि आईवडिलांनी टिजोच्या कोचीतल्या फ्लॅटमध्ये राहावं. तिचे वडील मत्तायी, म्हणजे मुलांचे चाच्चन, यांनी त्यावर तीन वर्षं उत्तर तयार केलं होतं. छपरावर सौर पॅनेल, गोठ्यामागे गोबरगॅस, पन्हळीचं पाणी टाकीत. शेवटी फोनवर पैज ठरली. सात दिवस बोर्डाची वीज न वापरता घर चालवायचं. आकडा हलला नाही तर विक्रीचा विषय कायमचा बंद. एका युनिटनेही हलला तर मत्तायी सही करणार.

तपासणीला टिजो आला होता.

"आधी फ्यूजची पेटी बघतो," तो म्हणाला. "चाच्चनचे हात प्रयोगशाळेत तयार झालेत. काही खोडी केली असली तर?"

"बघ, बघ," मत्तायी म्हणाले. "तो पांढरा चिनी मातीचा फ्यूज दिसतो ना, त्यातूनच बोर्डाची वीज आत येते. बॅटरी संपली की आपोआप. मला हातसुद्धा लावावा लागत नाही."

"स्वतःच्या बापावर पोलीस होऊन आलाय," त्याची आई त्रेस्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "फ्लॅटमध्ये आमची खाट कुठे टाकणार, तेही मोजून आलायस का?"

टिजो पाचेक मिनिटं पेटीशी उभा राहिला, झाकण लावलं आणि हात धुऊन न्याहारीला बसला.

पहिले चार दिवस निभावले. त्रेस्याने मिक्सर कपाटात टाकला आणि पाट्यावर खोबरं वाटलं. कप्पाचे कंद आणि मासळी गोबरगॅसवर शिजली. पंखा एकच, तोही दुपारी. रोज सात-दहाला टिजो फोटो काढायचा आणि रोज लिजीचा फोन यायचा.

"चाच्चन, तुम्ही दोघं अंधारात बसून राहाल आणि म्हणाल जिंकलो."

"अंधारात कोण बसतंय? तुझी आई दिव्याखाली बसून तुझ्या नावाने बोटं मोडतेय."

"मला गप्पा नकोत. आकडा हवा."

पाचव्या दिवशी ऊन पडलंच नाही. संध्याकाळी साडेसातला तिघं प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले होते. जपमाळ अर्ध्यावर आली आणि दिवा गेला.

मत्तायींच्या तोंडची प्रार्थना थांबली. बॅटरी संपली होती. आता पापणी लवायच्या आत बोर्डाची वीज येणार, मीटर फिरणार आणि पंचेचाळीस वर्षांचं घर हातचं जाणार. ते मनात मोजू लागले. दहा झाले. वीस झाले. दिवा आला नाही.

टिजो उठून व्हरांड्यात गेला. "लाइन गेलीय," तो आत येत म्हणाला. "सगळीकडे अंधार आहे."

"देवाने ऐकलं," त्रेस्या म्हणाली.

"देवाने कसलं, बोर्डाने," मत्तायी म्हणाले आणि गुडघ्यांवर असतानाच मोठ्याने हसले. उरलेली जपमाळ खोबरेल तेलाच्या दिव्यापुढे पूर्ण झाली.

सकाळी शेजारची शोशम्मा गोबरगॅससाठी शेणाची बादली घेऊन आली. तिच्या घरची वीज याच खांबावरून.

"काल साडेसातची मालिका पाहिलीस का गं त्रेस्या? सून घर सोडून गेली. शेवटपर्यंत बसले, भात करपला."

मत्तायी शिडीवर चढून पॅनेल पुसत होते. त्रेस्याने टिजोकडे पाहिलं. टिजो मीटरचा फोटो काढत होता. ४३१७.

त्या दिवशी दोन तास ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी चार तास.

चोवीस जुलै, सात वाजून दहा मिनिटं. मत्तायी पांढरं मुंडू नेसून मीटरशेजारी छाती काढून उभे राहिले आणि फोटोत आपणही यायला हवं म्हणाले. आकडा तोच. लिजीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"जिंकलात, चाच्चन. आता यापुढे मी काही बोलणार नाही."

"बोल ना. पण घरी येऊन बोल. पंखा लावतो तुझ्यासाठी. दोन लावतो!"

ते पेटीजवळून हटेचनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून आकडा दाखवत होते. टिजो दोनदा तिथे घुटमळला आणि मग दुकानात गेला. पाच किलो तांदूळ आणून त्याने स्वतःच डब्यात ओतला.

"एवढा कशाला आणलास?" त्रेस्या म्हणाली.

"असू दे, अम्मच्ची. आता इथेच राहणार आहात ना."

साडेनऊच्या बसने तो गेला.

दुपारच्या भातासाठी त्रेस्याने डब्यात हात घातला. तांदळात काहीतरी कडक लागलं. टिजोचा रुमाल होता, गाठ मारलेला. गाठ सोडली तर आत पांढरा चिनी मातीचा फ्यूज.

कुंपणापाशी मत्तायी शोशम्माला सांगत होते, "एक युनिट नाही! कर्कटकात! एक युनिट नाही!"

त्रेस्याने रुमालाला पुन्हा गाठ मारली आणि पुरचुंडी डब्याच्या तळाशी खुपसली.

आज चौदा ऑगस्ट. रुमाल डब्यातच आहे. मीटरवरचा आकडा ४३१७.