पाहुण्याचं पाणी

"उकळलेलंच आहे ना हे?" पेला तोंडाशी नेता नेता डॉक्टर मोडकांनी हळूच विचारलं.

"हो तर," वाचनालयाचे चिटणीस धुंडिराजपंत म्हणाले. उकळून निवलेलं पाणी द्यायचं आजाऱ्याला. पाहुण्याला का कुणी ते देतं? पंतांनी मुद्दाम विहिरीवरून ताज्या, गार पाण्याचा तांब्या भरून आणवला होता. डॉक्टरांनी पेला रिकामा केला आणि पटकीच्या साथीवरचं व्याख्यान पुढे चालू केलं. पाणी उकळून प्या, घरातलं माणूस जगेल, एवढंच ते परोपरीने सांगत राहिले. लोकांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी चुलीवर पाण्याचे हंडे चढले.

पुढच्या गुरुवारी टपालाने वर्तमानपत्र आलं. ते गावाला मोठ्याने वाचून दाखवायचं काम पंतांचंच. दुसऱ्या पानावर ते अडखळले, पण सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते; वाचावंच लागलं. डॉक्टर मोडक गावाहून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी पटकीने वारले होते.

मग दाराबाहेरून रखमा कुंभारीण म्हणाली, "पंत, त्ये तर उकळूनच पीत व्हते न्हवं? मग आमी कशापायी सरपण जाळायचं?"

खरं काय ते पंतांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"देवाच्या मनात होतं," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावातले सगळे हंडे चुलीवरून उतरले. एकट्या पंतांच्या घरचा तेवढा खळखळा उकळत राहिला.