एका खोलीतल्या दोघी

"ती सांगती तेच सांग," पुंजाराम लेकीच्या कानाशी पुटपुटला.

मुलींच्या वसतिगृहाची रांग होती. पुढे निकिता, मागे पुंजारामची हर्षाली. रेक्टर लताबाई प्रत्येकीला सवयी विचारत आणि ज्यांचं जुळेल त्यांना एका खोलीत टाकत. एकीला पंखा लागतो, दुसरीला थंडी वाजते, की महिनाभरात भांडण, असा त्यांचा अनुभव. निकितानं सांगितलं, उशिरा झोपते, दिवा चालू ठेवूनच झोपते, अंडंसुद्धा खात नाही.

हर्षालीचा जीव कोंबडीच्या रश्श्यावर. तरी तिनं माळकऱ्यासारखं तोंड करून तेच सगळं सांगितलं.

"कुंभमेळ्यात हरवलेल्या बहिणी का गं तुम्ही?" लताबाई हसल्या, आणि खोली मिळाली.

निकिताच्या बापाचं पिंपळगावला परदेशी पाठवायची द्राक्षं भरायचं पॅकहाऊस. मागच्या वर्षी पहाटे फुलबाजाराच्या वाटेवर त्याच्या गाडीनं पुंजारामच्या बायकोला, आशाला उडवलं. त्यानं गुन्हा कबूल केला, जामिनावर सुटला, आणि पुढच्या हंगामात त्याची द्राक्षं पुन्हा परदेशी निघाली. पुंजारामच्या घरात मात्र चूल विझली ती विझलीच. त्या माणसाची पोर आपल्या पोरीच्याच कॉलेजात आलीय हे कळलं, त्या दिवशी तो कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

त्याचा बेत साधा होता. हर्षालीनं तिला जीव लावायचा. तिला हिच्यावाचून करमेनासं झालं की सांगायचं, तुझ्या बापानं माझी आई मारली. पुढचं ती पोरच करील. घरी जाऊन बापाच्या तोंडावर थुंकेल.

"बाबा, तिचा काय दोष?" हर्षाली म्हणाली होती.

"तुझ्या आईचा काय व्हता?"

हर्षालीनं वसतिगृहाची पेटी भरायला घेतली.

पुंजाराम दर शनिवारी फोन करी. सांगितलं का? नाही अजून. पुढेपुढे हर्षाली विषयच बदलू लागली. पोरगी विरघळली, त्याला वाटलं. आईला विसरली.

दसऱ्याला झेंडू तोडायला माणसं मिळेनात, तेव्हा हर्षाली निकितालाच घेऊन मळ्यात आली. पुंजारामनं ठरवलं, आता आपणच सांगायचं.

निकिता सकाळभर वाकून फुलं तोडत होती. जेवायला घरात आली तेव्हा भिंतीवरच्या फोटोपुढे थांबली आणि काकू कशानं गेल्या म्हणून विचारलं. पुंजारामनं तोंड उघडलं, पण हर्षाली आधीच "आजारानं" म्हणून मोकळी झाली. निकितानं फोटोला हात जोडले.

मग ती जेवायला वाढू लागली. पुंजारामचं ताट रिकामं दिसताच तिनं भाकरी मोडली. "काका, अर्धी तरी घ्या."

आशा गेल्यापासून त्याला दुसऱ्यांदा कुणी वाढलं नव्हतं. वर्षभर जपलेला राग भाकरीच्या एका तुकड्यापुढे उभा राहीना.

निकिता पुन्हा वाफ्यात गेली. तो ओसरीवर हर्षालीजवळ येऊन बसला.

"राहू दे, पोरी. बापाचं पाप लेकीच्या माथी नको. लय गुणाची हाय ती. तिला काय बी कळू देऊ नको."

हर्षाली माळ ओवत होती. सुई थांबली नाही.

"गाडी तिचा बाप चालवत नव्हता, बाबा. ती चालवत होती. बापानं स्वतःवर घेतलं. पहिल्याच महिन्यात तिनं माझ्या गळ्यात पडून सांगितलं. गेलेली बाई कोण, तेवढंच तिला घरच्यांनी कळू दिलेलं नाही."

तिनं दोरा दातानं तोडला.

"दिवाळीला ती मला घरी नेणार आहे. तिथं सांगीन, तिच्या आईच्या देखत."