निवांत कक्षाची फीत

"हात लावू दिल्याशिवाय पोट कसं तपासू?" डॉक्टर वैतागले. "आधी त्यांना जरा निवांत करा, मग बोलवा मला."

सोन्या चाळिशीचा होता. गुडघे पोटाशी, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात कानांवर. वर ट्यूबलाइट फडफडत होती, नंबर पुकारणारं यंत्र केकाटत होतं, आणि कुणाचं बोट लागलं तरी चटका बसल्यासारखा तो अंग झटकत होता. आपला भाऊ ऑटिस्टिक आहे, हे ताईने खिडकीवर सांगितलं, नर्सला सांगितलं, लिफ्टमनलाही सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. मान हलवण्यात हे रुग्णालय कुणाला हार जाणारं नव्हतं.

पोट सकाळपासून दुखत होतं. उजवीकडे, खाली.

अशा रुग्णांसाठी समोरच नवाकोरा निवांत कक्ष बांधला होता. मंद दिवे, जाड पडदे, आवाज गिळणाऱ्या भिंती. दाराला लाल फीत.

"फीत कापली की पहिले तुम्हीच," जनसंपर्क अधिकारी म्हणाले. "पाहुणे निघालेत."

"साहेब, फितीखालून वाकून जातो ना आम्ही."

"अहो ताई, आधीच वापरला तर उद्घाटन कशाचं करायचं?"

बिनतोड होतं.

तेवढ्यात कक्षाच्या दारातच माइकवाला "हॅलो, हॅलो" करू लागला. सोन्याने कान आणखी दाबले. लहानपणापासूनच हे असं. वाढदिवसाला टाळ्या वाजायच्या आधीच त्याचे हात कानांवर जायचे. मग घरात टाळ्या बंद झाल्या. सगळे नुसते हात हलवायचे. आत्या म्हणायची, "वाढदिवस आहे की माश्या हाकलताय?"

पाहुणे आले. रहदारीला नावं ठेवून झाली, मग भाषण. 'संवेदनशीलता' हा शब्द इतक्यांदा आला की माइकनेही शिट्टी मारली. मध्येच सोन्या किंचाळला. पाहुणे गहिवरले. "हीच ती वेदना, जी आपल्याला समजून घ्यायची आहे," म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

अखेर फीत कापली गेली. वॉर्डबॉयने सोन्याची चाकाची खुर्ची आत ढकलली. मागोमाग पाहुणे, अधिकारी, फोटोग्राफर आणि ज्यांना ज्यांना फोटोत यायचं होतं ते सगळे निवांत कक्षात शिरले.

सोन्याचं कण्हणं थांबलं. गुडघे सैल पडले. कानांवरचे हात हळूहळू घसरून मांडीवर आले.

"बघा!" अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "आत आले आणि लगेच फरक!"

ताईने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार, घामाने चिंब. त्याने अंग झटकलं नाही.

"डॉक्टर! अहो, डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!"

पण तोवर टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला होता. सोन्याचे हात मांडीवरच राहिले.