कॉट नंबर नऊची खरखर

कॉट नंबर नऊपाशी सकाळी रांग लागायची. कुणाच्या गळ्यात स्टेथोस्कोप दिसला, की सहा वर्षांची ईश्वरी न सांगता फ्रॉक वर करायची. तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांमध्ये जन्मापासून एक भोक होतं; डॉक्टर त्याला खिडकी म्हणायचे. "नीट ऐकून घ्या ही खरखर," मोठे सर शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे, "आयुष्यात पुन्हा मिळायची नाही." पोरं ऐकायची आणि लॉटरी लागल्यासारखी हसायची. एकाने तर तिच्या वडिलांचं, बालाजीचं, अभिनंदनच केलं.

बालाजी खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करायचा. इतकं कौतुक झालेली खिडकी त्याने कुठे पाहिली नव्हती.

मग ऑपरेशन झालं, सहा तासांचं. खिडकी बुजली. आठवड्याने शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली. एकेकाने ईश्वरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि सगळ्यांची तोंडं उतरली.

"सर, एकदम नॉर्मल आहे," एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"मग इथे काय करताय? चला पुढे," सर म्हणाले. घोळका पुढच्या कॉटकडे सरकला.

ईश्वरीने फ्रॉक तसाच धरून ठेवला होता. "पप्पा, माझं काही बिघडलं का?"

बालाजीने टाक्यांच्या बाजूला अलगद कान टेकवला आणि तसाच वाकून राहिला. विसरलेली वही न्यायला परत आलेली एक शिकाऊ डॉक्टर थबकली.

"काका, काय ऐकताय? तिथे आता काहीच उरलं नाही."

"तेच ऐकतोय," बालाजी म्हणाला.