बटरनटला फळ धरेना

खिडकीतून

थोरल्या जावेच्या हातात फूल होतं आणि ती त्याच्या पाकळ्या ओरबाडून काढत होती.

धाकटी बाथरूमच्या खिडकीतून बघत राहिली. तोंडात ब्रश तसाच. नुकतं कुठे उजाडलं होतं. थोरलीने पाकळ्या खाली टाकल्या, वेलात वाकली, पानांआड दिसेनाशी झाली. उठली तेव्हा हात पुसत होती. मग आपल्या बाजूच्या दाराने आत गेली.

हे आजचं नव्हतं.

घर एक, स्वयंपाकघरं दोन, परस सामाईक. थोरला भाऊ बोटीवर. वर्षातून एकदा उगवायचा. थोरली नर्स म्हणून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ, मातीत कधी हात न घालणारी. धाकटीने एकटीने परसातल्या फुटक्या कुंड्या उपसल्या, शेणखत घातलं, बटरनट भोपळा लावला. वेल असा माजला की दोरीवरचे कपडे काढताना पायात यायचा. फुलं ढीगभर. मादीफुलाच्या बुडाशी अंगठ्याएवढं फळ दिसायचं, इवल्याशा बाटलीसारखं. ती रोज जाऊन बघायची. आणि एक दिवस ते तिथे नसायचं.

काल ती फळं तिला सापडली. थोरलीच्या कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली.

टेबलाशी

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. खसखशीएवढे स्क्रू बसवणारा माणूस. घाई नाही, आवाज चढणं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत, त्याने फ्लॅट बघून ठेवला होता. वरचा मजला. तिथे माती नव्हती. धाकटीने तेव्हाच बजावलं होतं: ताईंबरोबर राहणं अशक्य झालं तर मीच म्हणेन, चल. तोवर विषय काढायचा नाही.

त्याने काढला नव्हता. शब्दाचा पक्का.

डब्यातल्या फळांचं ऐकून तो म्हणाला की वहिनी असं कशाला करेल, आईच्या जागी आहे ती. पावाला लोणी लावता लावता पुढे म्हणाला की सकाळी वेलात दिसते खरी, पण तेवढ्यावरून माणसावर आळ घ्यायचा का? आणि भांडण तर मुळीच नको, एका छपराखाली राहायचंय. तो जितकी वहिनीची बाजू घेत गेला, तितका धाकटीचा पारा चढत गेला.

"चल," ती म्हणाली. "रविवारी किल्ली घेऊ."

"तुझ्या मनात असेल तर," तो म्हणाला, आणि बशी विसळायला उठला.

वाफ्यात

जायचं तर तोंडावर बोलून जायचं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी ती उजाडताच परसात उतरली. थोरली दुखरे गुडघे मोडून वेलात बसलेली. हातात ओरबाडलेलं फूल.

"ताई, वेल मुळासकट उपटा ना. रोज एवढे कष्ट कशाला?"

थोरलीने मान वर केली. "खाली बस. उजेड अडवू नकोस."

नर्सचा आवाज होता तो. धाकटी बसली.

ते नराचं फूल होतं, लांब देठाचं. पाकळ्या काढल्यावर मधला दांडा उघडा पडला होता, पिवळ्या पुडीने माखलेला. थोरलीने तो शेजारच्या मादीफुलात घालून अलगद फिरवला, तान्ह्याच्या कानात औषध सोडावं तसा. मग सांगितलं की समोरच्या इमारतीत फवारणी चालते, मधमाश्या इकडे फिरकत नाहीत. त्यांचं काम कुणीतरी करायला हवं, तेही फुलं मिटायच्या आत. एवढं करूनही फळं का पडतात, ते मात्र तिला उमगत नव्हतं.

"मग डब्यातली?"

"दाराशी पडलेली दिसली की मी उचलते. तू प्रत्येक फळामागे तोंड पाडून बसतेस, बघवत नाही."

"मला सांगायचं तरी."

"म्हणाली असतीस, ताईंनी इथेही नाक खुपसलं." थोरलीने दुसरं फूल खुडलं. "भाऊजी फ्लॅट बघतायत, ते कळलंय मला. वाटलं, चार फळं धरली तर तुझा पाय निघायचा नाही. तू गेलीस तर भांडू कुणाशी, भिंतींशी?"

धाकटीनेही एक नरफूल खुडलं आणि पाकळ्या काढायला घेतल्या. थोरली म्हणाली की जरा बेताने, कोंबडी सोलत नाहीयेस. मग दोघी हसल्या, बऱ्याच महिन्यांनी.

दारातून

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. फ्लॅट नको, किल्ली नको. ताईंबद्दल आपण काय काय बोललो त्याची लाज वाटते, हेही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला की राहायचं म्हणतेस तर राहू, आपल्याला काय. वहिनी तशी नाही, हे मी म्हणालोच होतो. असा समजूतदार नवरा मिळाला, याचं तिला फार बरं वाटलं.

पहाटे ती मुद्दाम लवकर उठली. थोरलीच्या गुडघ्यांना आज सुट्टी द्यायची होती.

परसाचं दार आधीच उघडं होतं. ताई आपल्या आधी पोचल्या, असं वाटून तिला हसू आलं. पण पलीकडे थोरलीच्या खोलीत अंधार होता, दाराला आतून कडी.

वेलात नवरा बसला होता. एकेक पान हळुवार उचलून तो खालचं फळ शोधत होता, देठावर नख दाबत होता, आणि खुडलेलं प्रत्येक फळ थोरलीच्या दाराशी नेऊन ठेवत होता.