पोटावरची जाळी

"डाग घालवायला नाही आलो आम्ही. दाखला न्यायला आलोय," वेल्डर म्हणाला. "नवऱ्याने जाळल्याचा. खाली तुमची सही."

कातडीच्या डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी त्याच्या थोरल्या बहिणीला पडद्यामागे नेले. ताईच्या पोटावर काळपट डाग होते, मासे धरायच्या जाळ्यासारखे विणलेले. चार दिवसांपूर्वी ती कपडे बदलत असताना ते वेल्डरच्या बायकोच्या नजरेस पडले. तेव्हापासून त्याचे डोके फिरले होते.

दाजी भिंतीला टेकून उभे होते. हातात ताईची गरम पाण्याची रबरी पिशवी. यंदाची ही तिसरी, ते करवादले. हिला बारा महिने थंडी वाजते.

"माया नसली की वाजणारच," वेल्डर म्हणाला. "अर्धी झालीय ती. घड्याळाच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. जेवायला तरी घालता का, दाजी?"

"नाही जेवत. घास भरवू?"

"जळाल्याचे डाग मला शिकवू नका. वीस वर्षं भाजून घेतोय."

बाई हात धुऊन आल्या. मागोमाग ताई आली आणि वाकूनच खुर्चीत बसली.

"हे चटके नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणी हात लावलेला नाही. रोज एकाच जागी शेक घेतला की कातडी अशी जाळीदार काळी पडते. शेक थांबवा, डाग हळूहळू फिके होतील. मलम देते."

दाजींनी पिशवी टेबलावर आपटली. "घ्या दाखला. चौकटीत बसवून लावा दुकानात."

वेल्डरचे तोंड एवढेसे झाले. चुकलो म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, तरी आतून जीव भांड्यात पडला होता. ताईला काही झालेले नव्हते.

बाई मलमाचे नाव लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारले, थंडी वाजली की माणूस हातपाय शेकतो, तुम्ही पोटच का शेकता?

ताईने आधी भावाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"आठ महिने दुखतंय. पोटातून पाठीत जातं. दुखतं म्हटलं असतं, तर हा म्हणाला असता यांनी मारलं. म्हणून थंडी सांगितली."

बाईंनी मलमाची चिठ्ठी फाडली आणि वरच्या मजल्यावरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला.