निळं पाणी

"बोर माय वाहे, तिचं पानी गार गार,
लेक माही न्हाली, जसा चांदीचा वं हार..."

जात्यावर बसलेल्या मायचा तो सूर भागाबाईच्या कानात अजून होता. आता सूत रंगवायच्या कारखान्यानं तीच बोर नदी निळी करून टाकली होती. हिंगणीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकासमोर बसल्या होत्या आणि फाटकाच्या आत पहाऱ्यावर होता भागाबाईचाच नवरा, पुनाजी.

"काऊन वं, इथं बोंबलतं अन् घरी त्याच पगाराची भाकर खातं?" रामबाईनं टोमणा मारला.

तहसीलदार चौकशीला आले, तसा मॅनेजर हसला. "या पाण्यानं एक तरी जनावर मेलं का, विचारा ना साहेब! पुनाजी, नदीचं पाणी आण अन् पिऊन दाखव."

पुनाजीनं एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि नदीतून भरून आणलेला लोटा तोंडाशी नेला.



"नका पिऊ जी!" भागाबाई किंचाळली. "आपली गाय साप चावून नाई मेली. हेच पानी पेली होती थे. तुमची नवकरी जाईन म्हनून म्या सापाचं नाव सांगतलं!"